तेवीस किलोत कोल्हापूर

आम्ही इटलीला निघालोय ही बातमी मंगळवार पेठेत फुटली आणि त्या संध्याकाळी आमच्या दारात चपलांचा ढीग पडला. आलेला प्रत्येक जण चहा पिऊन, काय काय न विसरता न्यायचं ते सांगून गेला. एकानं दोरी सांगितली, कपडे वाळत घालायला. एकीनं सुईदोरा. कोपऱ्यावरच्या काकांनी दाराबाहेर जाता जाता मला बाजूला घेतलं आणि कुस्तीतला डाव सांगावा तसं कानात सांगितलं, "टमरेल ने. बाकी काय नसलं तरी चालंल."

इटलीच का, याचं उत्तर माझे वडील, आबा. आबांनी उद्यमनगरात 38 वर्षं लेथ चालवली. काशी नको, रामेश्वर नको, त्यांना एकच तीर्थ बघायचं होतं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली विलायतेला गेले आणि परत येताना 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं 20. (शाहू महाराजांचे चिरंजीवही राजाराम, ते वेगळे, हे त्यांच्या आधीचे.) तिथं नदीकाठी त्यांची छत्री आहे. "आपला राजा परक्या गावात एकटाच हाय. कुणीतरी जायला पायजे," हे आबा माझ्या लहानपणापासून म्हणत आले. मी नोकरीतून मोकळा झालो तेव्हा पळवाट उरली नाही.

पहिली अडचण व्हिसाची. तिथं दहाही बोटांचे ठसे घेतात. आबांनी हात काचेवर ठेवला, मशीन लाल झालं. तिथल्या मुलीनं कापसानं बोटं पुसली, पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. तिनं हलकेच दाबून बघितलं. आबा शांतपणे म्हणाले, "पोरी, रेघा उद्यमनगरातच घासून गेल्या. तुला कुठनं दिसणार?" पाचव्या खेपेला मशीन एकदाचं हिरवं झालं.

दुसरी अडचण विम्याची. युरोपच्या व्हिसाला निदान 30,000 युरोचा प्रवासविमा लागतो, म्हणजे आपले तीसेक लाख. आकडा ऐकून आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि तिकडं मेलोच तर?"

"तर इकडं आणून देतात. तो खर्च विम्यात धरलेला असतो."

"महाराजांना न्हवता ह्यो इन्शुरन्स," आबा म्हणाले आणि सही केली.

मग बॅगा. माणशी 23 किलो. आमच्या घरात लग्नातला आहेर मोजायला आणलेला तराजू आहे, त्याला हुक लावून बॅग टांगायची आणि वाचायचं, हा आठवडाभराचा कार्यक्रम झाला. हिनं कांदा-लसूण मसाला दोन किलो घेतला होता. मी म्हटलं दहा दिवसांना दोन किलो? ही म्हणाली, "अहो, तिकडच्या लोकांना द्यायला नको?" मसाला मोठ्या बॅगेत घातला. पॉवर बँक मात्र हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत घालायची नाही. ठेचा घट्ट की पातळ यावर घरात वाद झाला. 100 मिलीच्या वरचा पातळ पदार्थ हातात चालत नाही, आणि ठेच्याला काय म्हणतात हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी ठेचा घरी राहिला.

माझ्या यादीत मी तीन वेळा खोडलेली एक वस्तू तीन वेळा बॅगेत परत सापडली: आबांचा फेटा. केशरी, आठेक मीटर, गाठोड्यात बांधलेला. "आबा, तिकडं हा कुणाला बांधणार?" आबा उत्तर द्यायचे नाहीत. नुसती बॅगेची चेन लावायचे.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठली तेव्हा कळलं की हिच्या नणंदबाईंनी पर्समध्ये नरसोबाच्या वाडीचे पेढे कोंबलेत, अर्धा किलो. आता बाहेरून युरोपात जाणाऱ्या प्रवाशानं मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायचे नाहीत, असा नियम आहे. दत्ताचा प्रसाद टाकायचा कसा? विमानतळावर, काचेपाशी बसून, आम्ही तिघांनी पहाटे तीन वाजता तो संपवला. विमानात जेवण आलं तेव्हा आबांनी हात जोडून परत पाठवलं.

फ्लॉरेन्सच्या खोलीत पहिला प्रश्न पिनेचा. त्यांच्या सॉकेटला तीन भोकं, पण एका ओळीत. आपली त्रिकोणात. मोबाईलचे दोन बारीक पिनांचे चार्जर मुकाट्यानं बसले. हिची तीन जाड पिनांची पाण्याची किटली बसेना. आबांनी चष्मा लावून सॉकेट बघितलं, बोटानं अंतर मापलं आणि म्हणाले, "लेथ असता तर अर्ध्या तासात करून दिलं असतं." लेथ नव्हता, म्हणून खाली दुकानात जाऊन अॅडॅप्टर घेतला. तो इथूनच नेला असता तर निम्म्यात पडला असता. वाचकांनी एवढं एक तरी ऐकावं.

दुसरा प्रश्न टमरेलाचा. ते आम्ही नेलं होतंच. पण बाथरूममध्ये कमोडशेजारी एक बुटकं भांडं, वर नळ, गरम-गार दोन्ही. आबा पहिल्या रात्री आत गेले आणि अर्धा तास बाहेर येईनात. दार वाजवलं तर आतून आवाज, "काय सोय हाय रं! पाय धुवायला येगळं!" आबा स्टुलावर बसून दोन्ही पाय त्यात बुडवून, शेकत बसले होते. मी त्यांना सांगितलं की हे बिडे, इटलीत 1975 पासून घराघरात हे असलंच पाहिजे असा सरकारी नियम आहे, आणि ते पायांसाठी नाही. कशासाठी ते सांगितल्यावर आबांनी आधी पाय काढले, मग हसायला सुरुवात केली आणि शेवटी कौतुकानं म्हणाले, "म्हंजे आपल्यासारखीच मानसं हायत की." कोपऱ्यावरच्या काकांना फोन करून ही बातमी त्यांनी त्याच रात्री दिली.

सकाळी बसचं तिकीट. ते बसमध्ये शोधत बसण्यापेक्षा बाहेर 'टी' अक्षराच्या पाटीच्या दुकानात घेतलेलं बरं, आणि ते दुकान तंबाखूचं असतं. हे कळल्यावर आबा स्वतः गेले. तिकिटं आणली, तंबाखूही आणली, आणि बराच वेळ दुकानदाराला हाताच्या तळव्यावर अंगठा रगडून काहीतरी विचारत होते. चुना मिळत नाही, हे त्या माणसानं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. त्याला प्रश्नच कळला नाही. तिकीट घेतलं म्हणजे झालं नाही, गाडीत चढल्यावर ते यंत्रात घालून ठसा उमटवायचा असतो. आम्ही ते जपून पाकिटात ठेवलं होतं. तपासनीसानं दंड घेतला. चूक आमचीच, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण हॉटेलात परतेपर्यंत हिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

कॉफी काउंटरला उभ्यानं प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसून महाग. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध रस्त्यात उभं राहून पिणाऱ्या माणसाला हे पटकन पटतं. पण संध्याकाळी जेवायला बसलो आणि बिलावर 'कोपेर्तो' म्हणून माणशी काही युरो लागले. हे काय, तर बसण्याचे. ताटाचे, पावाचे, टेबलावरच्या कापडाचे. आबांनी खुर्ची वाकून तपासली. "एवढं घेतलंय तर उठायची घाई कशाला?" म्हणून आम्ही तिथं साडेदहापर्यंत बसलो. तांबड्या दिसणाऱ्या सॉसमध्ये तिखट शून्य होतं. हिनं पर्समधली डबी काढली. वेटरनं चमच्याच्या टोकावर घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि आतून आचाऱ्याला बोलावून आणलं. दोन किलोंतले शंभर ग्रॅम तिथं कामी आले.

चपलांबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा कंपनीनं आपल्यासारख्या चपला चालवल्या आणि कोल्हापुरात गदारोळ झाला. शेवटी कंपनीनं त्यांची प्रेरणा आपल्या कारागिरांची असल्याचं मान्य केलं. त्या रागात आबांनी चप्पल लाईनीतून नवी, करकर वाजणारी जोडी घेतली होती. खरं तर नवी कोल्हापुरी आठ दिवस तेल पाजून पायाला सवय करूनच बाहेर काढावी. आबांनी ती थेट उफीझीच्या संग्रहालयात पायात घातली. बोत्तिचेल्लीच्या व्हीनसपुढं माणसं श्वास रोखून उभी होती. करक. करक. करक. पहारेकरी वळला, पर्यटक वळले. आबांना वाटलं, चपलेकडंच बघतायत. त्यांनी मुद्दाम एक फेरी जास्त मारली. चर्चमध्ये मात्र पुरुषांनी डोकं उघडं ठेवायचं म्हटल्यावर त्यांनी पांढरी टोपी काढून छातीशी धरली, बाहेर येईपर्यंत.

चौथ्या दिवशी छत्री. कॅशिने नावाची ही बाग अर्नो नदीच्या काठानं साडेतीनेक किलोमीटर लांब पसरली आहे. ट्रामनं एका टोकाला उतरवलं, महाराज दुसऱ्या टोकाला. नव्या चपलांनी आबांच्या अंगठ्याला फोड आला होता. अर्धी बाग चालल्यावर त्यांनी चपला हातात घेतल्या.

अर्नोला मुन्योने नावाची लहान नदी मिळते, त्या संगमावर 1870 च्या त्या थंडीत नगरपालिकेची खास परवानगी काढून महाराजांना अग्नी दिला. दहनाची रीत त्या गावाला तेव्हा ठाऊक नव्हती. 1874 मध्ये तिथं छत्री उभी राहिली. खाली महाराजांचा रंगीत संगमरवरी अर्धपुतळा, फुलर नावाच्या शिल्पकाराचा. वर कमानींची छत्री. पायथ्याशी चार भाषांत मजकूर. जवळच 1970 च्या दशकातला मोठा पूल आहे, त्यालाही महाराजांवरूनच लोक 'इंडियानो' म्हणतात. आबा छत्रीभोवती दोनदा फिरले, मान वर करून कमान बघितली आणि म्हणाले, "ह्यो न्यू पॅलेसचा माणूस." बरोबर होतं. छत्रीचा आराखडा मेजर मांटचा, पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याच्याच आराखड्यावर उभा राहिला. 38 वर्षं जॉब मापलेला डोळा.

मग त्यांनी पिशवीतून गाठोडं काढलं. आठ मीटर कापडाचं दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं, ते माझ्याकडं आलं. मी मागं मागं सरकत पार रस्त्यापर्यंत गेलो. एक सायकलवाला घंटा वाजवत थांबला, कापडाखालून वाकून निघून गेला. आबांनी पिळा मारला, तुरा सोडला, शेमला पाठीवर टाकला. हिनं पर्समधून अंबाबाईचं कुंकू काढून पायरीला लावलं.

आबा अनवाणी उभे राहिले आणि मुजरा घातला. कमरेत वाकून, उजवा हात जमिनीपासून कपाळापर्यंत. एकदा. दुसऱ्यांदा. तेवढ्यात बागेत पळणारा एक मध्यमवयीन गृहस्थ घामाघूम होऊन आमच्या शेजारी थांबला. त्यानं आबांकडं नीट बघितलं, पाय जुळवले आणि तिसऱ्या मुजऱ्याला आबांच्या बरोबरीनं वाकून पाठ मोकळी केली.

आबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. "बग," मला हळूच म्हणाले, "रीत हाय ह्या लोकांना."