राजनिष्ठ माणसाने बंड कसे करावे
(नवशिक्यांसाठी)

पहिली सूचना : ‘स्वातंत्र्य’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. निदान पहिली दहा वर्षं तरी नाहीच. तुम्ही १७६५ सालचे बोस्टनकर आहात, तिसरा जॉर्ज हे तुमचे मायबाप आहेत आणि तुमची तक्रार फक्त स्टॅम्प पेपरबद्दल आहे. हे घोकून ठेवा.

तक्रारीचं मूळ माहीत हवं, म्हणजे भांडताना अडखळायला होत नाही. फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं. इंग्लंड जिंकलं आणि कर्जात बुडालं. अमेरिकेत फौज ठेवायची तर थोडा खर्च अमेरिकेनंही सोसावा, असं लंडनला वाटलं. खरं सांगायचं तर मागणी फारशी अवाजवी नव्हती; इंग्लंडातला माणूस तुमच्या कितीतरी पट कर भरत होता. पण हे चारचौघांत बोलू नका. तुम्ही एवढंच विचारा : पार्लमेंटात आमचा एकही माणूस नाही, मग आमच्यावर कर बसवणारे हे कोण? आकड्यांवर भांडलात तर हराल. तत्त्वावर भांडा.

सरकारही मदत करतं. करारनामा, वर्तमानपत्र, पंचांग, दारूचा परवाना, इतकंच काय पत्त्यांचा जोड, सगळ्यांवर मुद्रांक! म्हणजे वकील, छापखानेवाले आणि गुत्तेवाले एकाच फटक्यात दुखावले. बोलणारे, छापणारे आणि रात्री लोकांना एकत्र बसवणारे. आता तुम्हाला वेगळी संघटना कशाला हवी?

मुद्रांक विकायला ज्याला नेमलं असेल त्याचा पुतळा करून झाडाला टांगा. बोस्टनमध्ये १४ ऑगस्टला अँड्र्यू ऑलिव्हरचा टांगला. त्यानं लगेच पद सोडलं. (बारा दिवसांनी जमावानं लेफ्टनंट गव्हर्नर हचिन्सनचं घर धुऊन नेलं. तेवढं करू नका. तो स्वतः या कायद्याच्या विरोधात होता.) १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा मुद्रांक विकायला जवळजवळ कुणी उरलंच नव्हतं. पुढच्या मार्चमध्ये तो रद्द झाला. आता आनंद करा, राजाचा जयजयकार करा. न्यूयॉर्ककरांनी तर आभारादाखल घोड्यावर बसलेल्या राजाचा पुतळा लंडनहून मागवला. शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. १७७० मध्ये तो बोलिंग ग्रीनच्या चौकात उभा राहिला.

मधली वर्षं भराभर उरका. काच, कागद, रंग, शिसं आणि चहावर जकात येईल. विलायती मालावर बहिष्कार टाका, घरोघरी चरखे काढा. होय, चरखेच. आपल्याकडच्या स्वदेशीच्या कितीतरी आधीचे. जकात उठेल, फक्त चहावरची राहील.

चहाचं प्रकरण मात्र नीट समजून घ्या. १७७३ मध्ये चहा महागला नव्हता, स्वस्त झाला होता. ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे आपल्या उरावर बसली तीच, कर्जबाजारी झालेली आणि तिची गोदामं न खपलेल्या चहानं भरलेली. पार्लमेंटानं तिला थेट अमेरिकेत माल विकू दिला आणि तिचा चहा चोरट्या डच चहाशी टक्कर देऊ लागला. स्वस्त चहा नाकारणं सोपं नाही. एकदा कपात पडला की तत्त्व विरघळतं. म्हणून तो समुद्रात ओता.

१६ डिसेंबरची रात्र, तीन जहाजं, ३४२ पेट्या. तोंडाला काजळी फासा, मोहॉक लोकांसारखा वेश करा. चहाखेरीज कशालाही हात लावू नका. चहालाही नकोच : एक गृहस्थ कोटाच्या अस्तरात चहा कोंबत होते, तेव्हा जॉर्ज ह्यूजनं त्यांना कोटाच्या शेपटीलाच धरलं. ह्यूज म्हणजे गावातला चांभार. सकाळी पाण्यावर चहाचे थर तरंगत होते. कुणी गोळा करून नेऊ नये म्हणून लोक होड्या घेऊन गेले आणि वल्ह्यांनी बडवून तो बुडवून आले.

पुढचं काम सरकारवर सोपवा. भरपाई मिळेपर्यंत त्यानं बोस्टनचं बंदरच बंद केलं आणि एका गावाचं भांडण तेरा वसाहतींचं झालं. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला गोळी सुटली. तरीही जुलैत राजाला अर्ज करा, आम्ही आपलेच म्हणून. त्यानं तो हातातही घेतला नाही. ऑगस्टमध्ये तुम्हाला बंडखोर ठरवून मोकळा झाला. दहा वर्षं तुम्ही जे नाकारत होता, ते शेवटी राजानंच जाहीर केलं.

आता जाहीरनामा लिहा. सर्व माणसं समान आहेत, असं त्यात जरूर घाला. लिहिणाऱ्या जेफरसनच्या घरी गुलाम होते. बंडखोर मालकाला सोडून राजाच्या फौजेत येणाऱ्या गुलामाला स्वातंत्र्य देऊ केलं होतं ते व्हर्जिनियाच्या गव्हर्नरनं, राजाच्या माणसानं. याची सोय कशी लावायची ते या मार्गदर्शिकेत नाही.

९ जुलै १७७६ ला न्यूयॉर्कमध्ये जाहीरनामा वाचून झाला आणि जमाव दोर घेऊन बोलिंग ग्रीनला गेला. घोड्यासकट राजा खाली आला. बरंचसं शिसं कनेक्टिकटमधल्या लिचफील्डला पोचलं. तिथल्या बायकामुलांनी ते वितळवून बंदुकीच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या.