हत्तींना वास सोसला नाही

प्राचीन लढायांचे व्हिडिओ गेम बहुतेक लोक जिंकण्यासाठी खेळतात. माझा मेहुणा चुका काढण्यासाठी खेळतो. पडद्यावर शत्रू त्याची डावी बगल कापून काढत असतो आणि हा कॅमेरा खाली खाली नेत एका मरू घातलेल्या शिपायाच्या शिरस्त्राणापाशी पोचलेला असतो. "भावोजी, बघितलंत? असं शिरस्त्राण यायला अजून दोनशे वर्षं आहेत!" तोवर डावी बगल संपते, मधली फळी पळते, सेनापती पडतो. मेहुणा मात्र प्रसन्न. रोम बुडालं तरी बेहत्तर, पण कालविपर्यास सापडला पाहिजे.

त्याचा खास राग २००४ साली आलेल्या 'रोम: टोटल वॉर'वर. हा खेळ सुरू होतो इ.स.पू. २७० मध्ये. तेव्हा इजिप्तच्या गादीवर टॉलेमी घराणं होतं. मूळचं मॅसिडोनियाचं, बोलणं ग्रीक आणि लढणंही ग्रीक वळणाचं, लांबच लांब भाल्यांची दाट फळी करून. खेळात मात्र इजिप्तचं सैन्य थेट रामसेसच्या जमान्यातले रथ उडवत येतं. मधली हजारएक वर्षं कुणीतरी गिळलेली. "म्हणजे भाऊसाहेब पेशव्यांनी पानिपतावर राष्ट्रकूटांची फौज नेली म्हणा की!" मेहुणा हे इतक्या पोटतिडिकीनं म्हणाला, की सासूबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

अशाच दुखावलेल्या हौशी मंडळींनी मग 'युरोपा बार्बरोरम' नावाचा मॉड रचला. मूळ खेळ तोच, पण नावं, वेश, नकाशा सगळं सोवळ्यात. त्यात तुकड्यांची नावं त्या त्या भाषेतली आणि रोमन शिपाई हुकमाला उत्तर देणार तेही लॅटिनमधून. मेहुणा आता तेच खेळतो. आपले लोक काय ओरडतायत हे त्याला कळत नाही, पण ते शुद्ध ओरडतायत याचं समाधान आहे.

गंमत अशी, की मूळ खेळातली जी गोष्ट बघून कुणीही 'थापा मारताय' म्हणेल, तिलाच जुना दाखला आहे. पेटवलेली डुकरं. रोमन सैन्यात अशी एक तुकडीच मिळते आणि ती शत्रूच्या हत्तींवर सोडायची. पॉलिएनस नावाच्या ग्रीक लेखकानं लिहून ठेवलंय, की अँटिगोनस राजानं मेगारा शहराला वेढा घालून हत्ती पुढे काढले, तेव्हा मेगाराकरांनी डुकरांना डांबर फासलं, काडी लावली आणि दिली सोडून. डुकरं किंचाळत हत्तींत घुसली आणि हत्ती वाट फुटेल तिकडे धावले. पॉलिएनस हे चारशेएक वर्षांनंतर लिहितोय, तेव्हा थोडा मसाला पडला असेल. पण मला भावतो तो गोष्टीचा शेवट. अँटिगोनसनं आपल्या भारतीय माहुतांना हुकूम केला, की यापुढे हत्तींबरोबर डुकरंही पाळा, म्हणजे हत्तींना त्यांची सवय होईल. घरदार सोडून इतक्या दूर नोकरीला गेलेला तो माहूत! गावी निरोप धाडताना 'राजाच्या पदरी आहे, ठीक चाललंय' एवढंच म्हणाला असणार. डुकरांचा विषय काढला नसणार.

माझं स्वतःचं दुखणं वेगळं आहे. कुणी काय नेसलंय याच्याशी मला कर्तव्य नाही. मला खटकते ती शिस्त. खेळात सेनापती ढगात बसतो. त्याला रणांगणाचा कोपरा न् कोपरा दिसतो, बोट दाबलं की शंभर माणसं वळतात, आणि घोटभर चहा प्यायचा असेल तर लढाई थांबवता येते. खऱ्या लढाईत हुकूम देणं म्हणजे विसर्जन मिरवणुकीत, पन्नास ढोल बडवत असताना, पथकाच्या शेवटच्या ओळीला 'जरा डावीकडे सरका' म्हणून सांगणं.

यासाठी मी मेहुण्याला नेहमी इ.स.पू. २१७ मधली राफियाची लढाई ऐकवतो. राफिया म्हणजे गाझाच्या दक्षिण टोकाचं आजचं रफाह. एकीकडे इजिप्तचा चौथा टॉलेमी, दुसरीकडे सीरियाचा तिसरा अँटिओकस. दोघेही पोरसवदा, नुकते गादीवर आलेले. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस आकडे देतो ते असे: टॉलेमीचं पायदळ ७०,०००, हत्ती ७३, अँटिओकसचं पायदळ ६२,०००, हत्ती १०२. आमच्या खेळात एका सैन्यात फार तर वीस तुकड्या मावतात. त्यापुढे संगणकाचा पंखा घरघर करायला लागतो.

लढाईआधी सैन्यं समोरासमोर येऊन नुसती पाच दिवस बसली होती. हे पाच दिवस कुठलाच खेळ दाखवत नाही. मधल्या एका पहाटे, अंधारातच, थिओडोटस नावाचा अँटिओकसचा सरदार टॉलेमीला मारायला थेट त्याच्या तंबूत शिरला. राजा दुसरीकडेच झोपला होता. थिओडोटसनं दोघांना जखमी केलं आणि राजवैद्य अँड्रियास याला ठार करून सुखरूप परतला. मग लढाईच्या दिवशी दोन्ही राजांची भाषणं. स्वतःचा पराक्रम सांगण्यासारखा काही नव्हता म्हणून दोघांनी पूर्वजांचा सांगितला, आणि ज्या शिपायांना भाषा कळत नव्हती त्यांच्यासाठी दुभाषे! खेळातही सेनापती भाषण ठोकतो, पण ते इंग्रजीत आणि शेवटच्या शिपायापर्यंत खणखणीत.

पुढे टॉलेमीच्या बहुतेक आफ्रिकी हत्तींनी लढायलाच नकार दिला. पॉलिबियस म्हणतो, त्यांना भारतीय हत्तींचा वास आणि चीत्कार सहन होत नाही. (अँटिओकसच्या खापरपणजोबाला, सेल्युकसला, चंद्रगुप्त मौर्यानं ५०० हत्ती दिले होते, हे मी इथे उगाच घुसवतो. छाती फुगते.) टॉलेमीचे हत्ती मागे फिरून आपल्याच लोकांवर गेले. अँटिओकसनं टॉलेमीची डावी बगल मोडली आणि पळणाऱ्यांच्या मागे घोडा घातला तो घातलाच. इकडे जिंकलोय म्हणजे सगळीकडे जिंकलोय, असा त्याचा हिशेब. शेवटी एका वयस्क माणसानं त्याला मागची धूळ दाखवली. धुळीचा लोट त्याच्या स्वतःच्या छावणीकडे सरकत होता. तो परत येईतो मधली फळी केव्हाच मोडलेली. दहा हजारांच्या आसपास पायदळ मेलेलं.

मी मेहुण्याला म्हटलं, हा खरा वास्तववाद. पडदाभर तपकिरी धूळ दाखवा, दुसरं काही नको. फक्त एक म्हातारा अधूनमधून येऊन खोकेल. आणि दर चार डावांत एकदा हत्ती 'आज जमणार नाही' म्हणतील.

"हे कोण विकत घेईल, भावोजी?"

कुणीच नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण एका बाबतीत हे खेळ तंतोतंत खरे आहेत. पॉलिबियस लिहितो, की एवढं होऊनही अँटिओकसची खात्री होती: आपण स्वतः जिंकलोच होतो, बाकीच्यांच्या भेकडपणानं घात केला. परवा मी खोलीत डोकावलो तेव्हा पडद्यावर 'पराभव' झळकत होता आणि मेहुणा समोसा मोडत सांगत होता, "माझी बाजू मी मारली होती, भावोजी. मधलेच लेकाचे पळाले."