मॅनेजर गेले, चिरंजीव सुखरूप

मिसिसागा, ओंटारियो
५ जून २०२३

तीर्थरूप बाबा व आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, टोरांटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाने आपले जनरल मॅनेजर काइल डूबस यांना १९ मे रोजी निरोप दिला आणि त्यावरून येथील घरात पेटलेला वाद रविवारच्या फोनवर तुकड्यातुकड्यांनी कानी पडल्यामुळे, ‘मॅनेजरला काढले’ ते चिरंजीवांनाच, असा कोल्हापुरात समज होऊन अंबाबाईची ओटी भरण्याचा नवस बोलला गेल्याचे कळते. चिरंजीवांची नोकरी शाबूत असून पगारही वेळेवर जमा होत आहे. नवस मात्र फेडून टाकावा, कारण संघाला त्याची गरज आहे.

जनरल मॅनेजर हा अधिकारी स्वतः खेळत नाही आणि खेळ शिकवतही नाही. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाची कोणाशी अदलाबदल करायची, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा आणि प्रशिक्षक कोण नेमायचा हे तो ठरवतो, आणि सामना सुरू झाल्यावर, ज्यावर आता आपला काडीचाही ताबा उरलेला नाही ते वर बसून पाहतो. लीफ्सने स्टॅन्ली कप, म्हणजे या खेळातील सर्वोच्च करंडक, शेवटचा जिंकला तो १९६७ साली, जेव्हा लीगमध्ये अवघे सहा संघ होते. आज ते ३२ आहेत. डूबस २०१४ मध्ये वयाच्या २८व्या वर्षी सहायक म्हणून आले व २०१८ मध्ये जनरल मॅनेजर झाले, आणि आकडेवारीवर विसंबणारा हा तरुण दुष्काळ संपवील अशी आशा ज्यांनी बाळगली त्यांत चिरंजीव अग्रभागी होते.

सूनबाई विरुद्ध पक्षात आहेत, आणि त्यांचा आक्षेप त्यांच्या लेखापालाच्या व्यवसायाला साजेसा आहे. लीगमध्ये ‘सॅलरी कॅप’ नावाचा नियम असून त्यानुसार प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा असते, त्यामुळे मालक कितीही गडगंज असला तरी पैसे ओतून संघ उभारता येत नाही. विजेच्या बिलाच्या पाकिटावर सूनबाईंनी मांडलेला हिशेब असा: जॉन तव्हारेस वर्षाला १ कोटी १० लाख डॉलर, ऑस्टन मॅथ्यूज सुमारे १ कोटी १६ लाख, मिच मार्नर सुमारे १ कोटी ९ लाख, विल्यम नायलँडर जवळपास ७० लाख, एकूण सुमारे ४ कोटी ५ लाख, आणि २०१९-२० ची मर्यादा ८ कोटी १५ लाख. अर्धा पगार चौघांनाच दिल्यावर गोलरक्षक आणि बचावपटू यांच्यासह उरलेल्या अठरा-एकोणीस जणांना दुसऱ्या अर्ध्यात बसवावे लागते, आणि घरखर्चाची अशी वाटणी करणाऱ्या गृहिणीला एका महिन्यात समज मिळाली असती, तर डूबस यांना पाच वर्षे मिळाली, असे त्या पाकिटावर शेवटी अधोरेखित केलेले आहे.

चिरंजीवांचे उत्तर असे की, हे चारही करार २०१९ च्या अखेरीपूर्वीचे असून ती मर्यादा दरवर्षी वाढत जाईल हे गृहीत धरूनच ते झाले होते. परंतु कोविडमुळे लीगचे उत्पन्न घटले आणि मर्यादा तीन हंगाम जागची हलली नाही, तेव्हा महामारीचे भाकीत न केल्याबद्दल एखाद्याला नोकरीवरून काढणे न्याय्य नव्हे. शिवाय २०२१-२२ च्या साखळी हंगामात संघाने ११५ गुण मिळवून स्वतःचा विक्रम केला, याकडेही ते लक्ष वेधतात.

साखळीतील गुणांचा प्रश्न निघताच सूनबाई ‘प्लेऑफ’कडे वळतात. साखळीनंतरच्या या बादफेरीत सातांपैकी चार सामने जिंकणारा संघ पुढे जातो, आणि येथे लीफ्स २०१९ ते २०२२ अशी सलग चार वर्षे पहिल्याच पायरीवर, तीही दर वेळी निर्णायक अखेरच्या सामन्यात, घसरले. २०२१ मध्ये तर माँट्रियलविरुद्ध ३–१ अशी आघाडी घेऊन हरले. यंदा २९ एप्रिलला तव्हारेस यांच्या गोलमुळे टॅम्पा बे संघाचा पराभव होऊन २००४ नंतर प्रथमच संघाने एक फेरी पार केली, त्या रात्री चिरंजीवांनी आरोळी ठोकल्यामुळे खालच्या मजल्यावरील भाडेकरू विचारपूस करण्यास वर आले. पुढच्या फेरीत फ्लोरिडाने ४–१ असे गारद केले तेव्हा घरात इतकी शांतता पसरली की तेच भाडेकरू पुन्हा वर आले.

वाद हातघाईवर आला की सूनबाई डेव्हिड एअर्स यांची साक्ष काढतात. २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरांटोतील सामन्यात कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाल्याने, अशा प्रसंगासाठी राखून ठेवलेल्या ४२ वर्षांच्या या हौशी गोलरक्षकाला उतरवण्यात आले. ते एके काळी रिंगणातील बर्फ सपाट करणारे यंत्र चालवत असत. लीफ्सचे पहिले दोन फटके आत गेले, नंतरचे आठही एअर्स यांनी अडवले आणि कॅरोलायनाने सामना ६–३ असा जिंकला. या मुद्द्यावर चिरंजीवांजवळ आकडेवारी नसल्याने ते चहा करायला उठतात.

प्रत्यक्ष विच्छेदाचा क्रमही दोन्ही पक्षांना पुरून उरला आहे. डूबस यांचा करार जूनअखेर संपत होता व मुदतवाढीची बोलणी चालू होती; १५ मे रोजी त्यांनी पत्रकारांसमोर कुटुंबावरील ताणाचा उल्लेख करून, राहायचे तर येथेच, नाहीतर विश्रांती, पुढच्या आठवड्यात आपण दुसरीकडे दिसणार नाही, अशा आशयाचे सांगितले. १८ मे रोजी त्यांच्या एजंटाकडून आर्थिक मागणीचा नवा प्रस्ताव आला, त्याच सायंकाळी आपली राहण्याची इच्छा आहे असे डूबस यांनी कळवले, आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष ब्रेंडन शॅनहन यांनी त्यांना निरोप दिला. १ जूनला पिट्सबर्ग पेंग्विन्सने त्यांना हॉकी विभागाचे अध्यक्ष नेमले. मनुष्य शब्दाला जागला नाही असे सूनबाईंचे म्हणणे, तर ‘पुढचा आठवडा’ तोवर उलटून गेला होता असा चिरंजीवांचा युक्तिवाद आहे, आणि ही वकिली त्यांनी स्वतःच्या पगारवाढीसाठी वापरली असती तर बरे झाले असते, हे सूनबाईंचे उपमत आहे.

तथापि दोन्ही पक्षांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. तव्हारेस यांच्या करारात आधीपासून, आणि मॅथ्यूज व मार्नर यांच्या करारांत येत्या १ जुलैपासून, खेळाडूच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे पाठवता येणार नाही असे कलम आहे. मालकांत आज, २०२३ साली, दूरसंचार क्षेत्रातील दोन प्रतिस्पर्धी कंपन्या आहेत व त्यांतील एकीचे तरी बिल प्रत्येक घरात येते, म्हणून त्यांनाही काढता येत नाही. आणि पाहणारे तर आपण होऊन जाणारच नाहीत, जसे कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये शिवाजी तरुण मंडळ कितीही वेळा हरले तरी शाहू स्टेडियमवर बाबांना प्रतिस्पर्धी पाटाकडील तालमीच्या बाजूला बसलेले आजवर कोणी पाहिलेले नाही. तेव्हा या सगळ्या व्यवस्थेत काढता येण्याजोगा माणूस एकच उरतो, तो काढला की यंदाचा हिशेब मिटतो आणि ऑक्टोबरात आशेचे खाते नव्याने उघडता येते. ३१ मे रोजी कॅल्गरीचे माजी जनरल मॅनेजर ब्रॅड ट्रेलिव्हिंग यांची नेमणूक झाली, आणि त्यांच्या बाजूने व विरुद्ध घरात कोणी बोलायचे याची वाटणी त्याच संध्याकाळी झाली. या वेळी सूनबाई बाजूने आहेत.

राहता राहिला पुढील वर्षी कोल्हापुरास येण्याचा बेत. अंतिम फेरी जूनमध्ये संपते, म्हणून जूनअखेर निघावे, असा चिरंजीवांचा आग्रह आहे. तर कोविडची दोन वर्षे वगळता डूबस यांच्या काळात संघ १४ मेच्या पुढे कधीच टिकला नाही, हे सूनबाईंनी दाखवून दिले असून शाळा बुडवण्यास नातवाची तयारी आहे. सबब हापूसच्या दोन पेट्या १८ मेच्या सुमारास सांगून ठेवाव्यात. संघ पुढे गेलाच तर चिरंजीव मागाहून येतील, आणि पेट्या त्यांच्यासाठी थांबणार नाहीत याची कल्पना त्यांना देण्यात आली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले आज्ञाधारक,
चिरंजीव, सूनबाई व नातू