मातीचा बंदोबस्त

पुण्यातील बंगल्यांची अंगणे पिढ्यान्‌पिढ्या पावसाचे पाणी मंजुरीवाचून, दाखल्यावाचून आणि फुकट जिरवीत आली, ही बेशिस्त अखेर मोडीत निघत आहे, याबद्दल संबंधितांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच. अंगणाचे नूतनीकरण म्हणजे आता प्रथम कुंपणापासून कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून मातीचे तोंड बंद करणे, आणि मग तेच ब्लॉक एका कोपऱ्यात उखडून, शोषखड्डा खणून, त्यात विटांचे तुकडे, खडी व वाळू यांचे थर यथाविधी रचून गच्चीवरचे पाणी नळीने तेथे पोहोचते करणे. अशा खड्ड्याबद्दल महापालिका मिळकतकरात 5 टक्के सवलत देते. उघड्या मातीस ती नाही, आणि ते रास्तच आहे, कारण उघडी माती हा प्रकल्प नव्हे.

वृक्षांविषयी कायदा याहून कनवाळू. 1975 च्या अधिनियमातील 2021 च्या दुरुस्तीनुसार तोडावयाच्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावावी लागतात. म्हणजे 40 वर्षांच्या आंब्यापोटी 40. हा हिशेब ज्यांस जड वाटेल त्यांनी कुऱ्हाडीचा विचारही मनात न आणता बुंध्याला चहूबाजूंनी सिमेंट भिडवावे आणि स्वस्थ बसावे. पाहणीस येणारे साहेब आपली दुचाकी त्याच आंब्याच्या सावलीत, आहे तोवर, लावतील.

प्रश्न उरतो तो पावसाचा. शोषखड्ड्यास वळसा घालून तो थेट शेजाऱ्याच्या तळघरात उतरतो, आणि नोटीस बजावावी तर त्याचा पत्ता दप्तरी नाही.