हळद लागलेली मारुती

मे महिन्यात पाचोऱ्यात माणूसच उकळतो. तिथं २०१४ साली उत्पादन थांबलेल्या मारुती ८००नं थंड राहावं, ही अपेक्षाच आगाऊ. कूलंट गळतंय म्हटलं की सल्ले फुकट मिळतात. रेडिएटरमध्ये हळद टाका, एम-सील थापा, थर्मोस्टॅट काढून फेका! हळदीनं बारीक भोक बुजतं म्हणे; आतल्या नळ्याही बुजतात, ते कुणी सांगत नाही. मिस्त्रीनं मात्र बॅटरी मारून होज पाइपची गंजलेली क्लिप बदलली, झाकणाचं चिरलेलं रबर दाखवलं. काम किरकोळात. “आता कूलंट तेवढं चांगलं भरा, भाऊ.” भाऊंनी काटकसर केली, बोअरचं पाणी ओतलं. स्वतःसाठी मात्र बाटली विकत घेतली. बोअरच्या पाण्यात क्षार फार, मूतखडा होतो म्हणे.