वरून सगळं दिसतं

"काकू, पापड आत घ्या हो! खालच्या रानात ड्रोनने फवारणी चाललीय आणि वारं इकडचं आहे."

"त्याचं औषध इथवर येतं होय?"

"थेंब अगदी बारीक असतात, वाऱ्याबरोबर येतात. वारं वाढलं की ती थांबवते म्हणा."

"ती कोण?"

"अहो, देवळामागची सून, बचत गटातली. नमो ड्रोन दीदी झालीय! पंधरा दिवस शिकून आली."

"अगं, तिला धड सायकल येत नव्हती."

"आता टोपी घालून बांधावर उभी असते, हातात रिमोट. ड्रोनसाठी गटाला 80 टक्के अनुदान, 8 लाखांपर्यंत. 10 लिटरची टाकी, दहाएक मिनिटांत एकर उरकतं. ऊस डोक्यावर गेल्यावर पाठीला पंप बांधून आत शिरायचं म्हणजे काय, ते आमच्या ह्यांना विचारा. तोंड, हात, सगळं पानांनी कापून येतात."

"आणि सासू काय म्हणते?"

"सासू बॅटऱ्या वाहते. एक जोडी उतरली की दुसरी पुढं करायची."

"बरं झालं! फार तोरा होता. पण मला बाई त्या यंत्राची धास्तीच वाटते. 2024 च्या पावसाळ्यात नाही का, रात्री ड्रोन फिरतात, चोर घरं हेरतात म्हणून पुण्याकडची, मराठवाड्यातली गावं काठ्या घेऊन जागत होती. माझा भाऊ दौंडकडचा. महिनाभर झोपला नाही."

"चोर सापडला का?"

"त्याच्या गावात तरी नाही. उसात कुत्रं हललं तरी आरडाओरडा. मला विचारशील तर चोरापेक्षा ती ड्रोनने झालेली गावठाणाची मोजणी भारी."

"स्वामित्व योजनेची? अहो, ती चांगलीच. शेताला सातबारा होता, गावठाणातल्या घराला मात्र हातात कागद नव्हता. आता मिळकत पत्रिका मिळते, बँक कर्जाला उभं करते. पुरंदरच्या सोनोरीत आधी करून बघितलं, मग 2021 पासून देशभर."

"कागदाचं चांगलंच गं. मी चुन्याचं सांगतेय. ड्रोनला हद्द दिसावी म्हणून सगळ्यांनी आदल्या दिवशी चुन्याची रेघ मारली की नाही? ड्रोनला काय, दिसली रेघ की टिपली. त्या रात्री एक जण डबा घेऊन आमच्या बोळात. जुनी रेघ पायानं पुसली, नवी मारली. हातभर आत!"

"अगं बाई! कोण?"

"नाव कशाला घेऊ? सकाळी पायजम्याला घोट्यापर्यंत चुना होता."

"…काकू, ती आमची बाजू ना?"

"मी कुठं काय म्हणाले? नकाशा घेऊन साहेब चौकशीला आले, तेव्हा जुना उंबरा दाखवला मी. चार शेजारी उभे होते. साहेबांनी रेघ मागं घेतली. विषय संपला."

"तरीच हे त्या दिवशी जेवले नाहीत."

"भाजी अळणी असेल. बरं, त्या दीदीला विचार ना एकराला काय घेते. आमचाही ऊस हाताबाहेर गेलाय. आणि पोरीला एकटीलाच पाठव म्हणावं, सासू नको."