स्वस्त मादुरो ओढणाऱ्याशेजारी कसं बसावं

वसईतल्या गासमध्ये मादुरो सिगार विकत घ्यायला कोणी जात नाही, तो येतो. कोणाचा तरी मुलगा बोटीवरून उतरतो, विमानतळावर सगळ्यात स्वस्त पुडा उचलतो आणि मामाच्या हातावर ठेवतो. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच पुड्यापुरतं आहे. क्यूबन सिगारवाल्यांनी आपापली सोय बघावी.

कलम १. रंगाला भिऊ नये. मादुरोचं पान काळपट, तेलकट दिसतं म्हणून सिगार कडक असणार, असं पाहुण्यांना वाटतं. कडकपणा बहुतेक आतल्या तंबाखूवर ठरतो. बाहेरचं पान मुद्दाम जाड निवडतात, ढीग रचून जास्त उबेत, जास्त दिवस आंबवतात; त्याने तिखटपणा उतरतो आणि गोडी चढते. कनेक्टिकटचं ब्रॉडलीफ आणि मेक्सिकोतल्या सान आंद्रेसचं पान यासाठी नावाजलेलं. स्वस्तातला काळेपणा मात्र कधी कधी नुसता रंग लावून आणलेला असतो. ओठ काळे झाले तर समजावं.

कलम २. चव सांगताना मामाला अडवू नये. पेटवण्याआधीच तो डोळे मिटून पुडा हुंगतो आणि जाहीर करतो: ‘डार्क चॉकलेट. मनुका. मागून कॉफी.’ हे त्याने पुड्यावरच वाचलेलं असतं. एकदा मामी भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘सुकेळीचा वास आहे. उगाच मनुका कशाला?’ मामाला ते अजून पचलेलं नाही. पण खरं सांगायचं तर मामीचं बरोबर आहे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की जो मधाळ, किंचित आंबूस वास सुटतो, तोच या पानाला आहे. जन्म वसईत काढलेल्या माणसाला मनुकेपर्यंत जायची गरज नव्हती.

कलम ३. सावकाश. मिनिटाला एक झुरका पुरे. पहिला एक-तृतीयांश भाग गोडसर आणि भाजका लागतो, मधल्यात माती आणि काळी मिरी. शेवटच्या भागात स्वस्तपणा बाहेर पडतो: आत पानांचे तुकडे भरलेले, ते भराभर तापतात, कडवट होतात, जिभेवर कण येतात. तिथे थांबावं. मामा थांबत नाही. पैसे पोराचे असले तरी वसूल तोच करतो.

कलम ४. राखेकडे बघून मान डोलवावी. शेरलॉक होम्सने १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखला, ही माहिती दर वेळी नव्याने ऐकावी.

कलम ५. पावसाळा. सिगारला ६५ ते ७० टक्के दमटपणा मानवतो. जुलैत आपल्याकडे भिंतीसुद्धा त्याहून ओल्या. सिगार फुगतो, पान तडकतं, ओढलं तर काहीच येत नाही. घट्ट झाकणाचा डबा हवा. मामाचा डबा बिस्किटांचा, झाकण वाकडं. आत पांढरी लव धरली की तो म्हणतो, ‘पानातलं तेल वर आलंय, चांगल्या मालाची खूण.’ लव फुटली की बुरशी. तेवढा तरी टाक रे बाबा!

कलम ६. धूर छातीत घेत नाही, ही सबब सुनेपुढे सांगू नये. ती नर्स आहे. तोंडाचा कॅन्सर छातीत जाऊन परवानगी विचारत नाही, असं तिने एकदाच सांगितलं.

कलम ७. हात साबणाने धुवावेत. तंबाखूच्या वाळलेल्या पानातही मोझॅक रोगाचा विषाणू टिकून राहतो आणि हातांमार्फत मिरची, टोमॅटोला लागू शकतो. पानं चट्टेरी होऊन आकसतात. वाडी असलेल्या घरात हा नियम सगळ्यात महत्त्वाचा, आणि सातांपैकी मामाला पाठ असलेला हा एकच. मामीने मिरच्या तोडायला हाक मारली, की तो विझलेलं थोटूक चटकन पुन्हा हातात घेतो आणि बोटं वर करून दाखवतो.